फॉरमॅट न मारता विंडोज कायदेशीर केली: उद्यमनगरातल्या चार मशीनची हकिगत

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या एका मोठ्या ग्राहकाकडून व्हेंडर ऑडिटची यादी आली. गेजचं कॅलिब्रेशन, आगीचे सिलिंडर, कामगारांचा विमा, सगळं नेहमीचंच. शेवटच्या पानावर मात्र एक नवीन ओळ होती: सर्व संगणकांवरील सॉफ्टवेअरचे परवाने आणि खरेदीची बिलं. मुदत १५ फेब्रुवारी.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशिनिंगचं युनिट आहे, ऑफिसात आणि शॉपवर मिळून चार संगणक. टॅली आणि कॅड रीतसर विकत घेतलेलं. विंडोज मात्र चारही ठिकाणी ‘टाकून दिलेली’. मशीन घेताना दुकानदारानं परवान्याचा विषय काढला नाही आणि आम्हीही नाही.

पहिला फोन अर्थातच नेहमीच्या टेक्निशियनला. "दादा, फॉरमॅट मारतो, ओरिजिनल टाकतो. दोन तासांचं काम हाय." विंडोजचे दोन तास खरेच. पण अकाउंटच्या मशीनवर टॅली आहे, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आहे, डॉट मॅट्रिक्सवर चलन छापायला जमवून ठेवलेली कागदाची मापं आहेत, सीडी हरवलेलं हजेरीच्या थंब मशीनचं सॉफ्टवेअर आहे आणि जुन्या मराठी पत्रांचे फाँट आहेत. हे फाँट गेले की दहा वर्षांची पत्रं उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. हे सगळं परत बसवायला आठवडा गेला असता. म्हणून ठरवलं, फॉरमॅट नाही.

तसं करता येतं. फक्त ‘नवी की (परवान्याचा २५ अक्षरी क्रमांक) टाकली की झालं’ इतकं ते सरळ नसतं. की टाकणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. खरं काम त्याच्या आधीचं. आणि पैसे मोजण्यापूर्वी आपल्या मशीनवर नेमकं काय आहे ते पाहिलं नाही, तर चुकीचा परवाना गळ्यात पडतो.

वाचण्याआधी एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच. ‘स्लॅश’ म्हणजे उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिच्या आधी एक स्पेस. बहुतेक सगळ्या कमांड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेल्या काळ्या खिडकीतच (कमांड प्रॉम्प्ट) चालतात.

५ जानेवारीला, सोमवारी, आमची साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी फक्त तपासणी केली, कशालाही हात लावला नाही. प्रत्येक मशीनला तीन प्रश्न: एडिशन (होम, प्रो वगैरे) कोणती, ॲक्टिव्हेट कशी झालीय, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, मूळ परवाना आहे का.

एडिशन सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर दिसते. ॲक्टिव्हेशनसाठी ‘एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय’. जी छोटी खिडकी उघडते तिच्यात ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असा शब्द आला आणि तुमच्याकडे शे-दोनशे संगणकांची कंपनी नसेल, तर समजायचं की क्रॅक आहे, म्हणजे परवान्याची तपासणी फसवणारा चोरटा प्रोग्रॅम. केएमएस ही खरं तर मोठ्या संस्थांची पद्धत आहे. संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो आणि बाकीची मशीनं त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. किमान २५ विंडोज मशीनं असल्याशिवाय तो सर्व्हर कुणालाच ॲक्टिव्हेट करत नाही. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मशीन मध्ये मध्ये ते नवं करून घेतं. क्रॅक मशीनच्या आतच असा खोटा सर्व्हर उभा करतो. म्हणून ‘एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर’ दिल्यावर आमच्या तीन मशीनवर ‘अमुक तारखेला संपेल’ असं आलं. खऱ्या परवान्यावर तिथे ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ असं येतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. विंडोजसह विकलेल्या ब्रँडेड मशीनची मूळ की कंपनी बायोसमध्येच कोरून देते. मशीन शंभरदा फॉरमॅट करा, ती तिथेच राहते. पॉवरशेलमध्ये (कमांडचीच दुसरी खिडकी) ‘गेट-सिमइन्स्टन्स सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस’ हे कंसात घालून पुढे टिंब आणि ‘ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी’ टाइप केलं की असेल तर २५ अक्षरी की समोर येते, नसेल तर रिकामी ओळ. तीन असेंबल मशीनवर रिकामी ओळच आली. लॅपटॉपवर की आली! तो २०२१ साली होम सिंगल लँग्वेज एडिशनसह घेतला होता. पुढे हळू चालतो म्हणून कुणीतरी फॉरमॅट मारून त्यावर क्रॅक केलेली प्रो टाकली होती. म्हणजे पैसे भरलेला परवाना खाली दाबून वर चोरीचा बसवलेला. ही गोष्ट कोल्हापुरातल्या किती ऑफिसांत असेल देव जाणे. तुमच्याकडे ब्रँडेड मशीन असेल तर आज एवढं तरी बघाच.

संध्याकाळपर्यंत चित्र असं होतं. अकाउंटचं मशीन: ८व्या पिढीचा आय३, विंडोज १० प्रो. ड्रॉइंगचं: १०व्या पिढीचा आय५, विंडोज १० एंटरप्राइझ एलटीएससी. लॅपटॉप: विंडोज १० प्रो, बायोसमध्ये होमची की. शॉप फ्लोअरचं: ४थ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, त्यामुळे कायदेशीर करायचंच तर विंडोज ११ हे उघड होतं. तिला ८व्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची सोय), यूईएफआय बूट (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. शॉपचं मशीन तिथेच बाद झालं. त्यावर फक्त ड्रॉइंगच्या पीडीएफ उघडतात, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकून मोकळा झालो. ते फॉरमॅट होतं, पण त्यावर जपण्यासारखं काही नव्हतंच.

६ ते १३ जानेवारी परवान्याच्या शोधात गेले. शाहूपुरी आणि राजारामपुरीत मिळून पाच दुकानांत विचारलं, आणि एकाच शब्दाचे तीन अर्थ ऐकले. ‘ओरिजिनल विंडोज’ म्हणजे कुणाकडे ओईएम, कुणाकडे रिटेल बॉक्स, कुणाकडे नुसती व्हॉट्सॲपवर येणारी की.

ओईएम परवाना नवं मशीन जोडून विकणाऱ्यासाठी असतो आणि त्या मशीनच्या मदरबोर्डाशी बांधला जातो. बोर्ड जळाला की परवानाही गेला. रिटेल महाग, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. एका वेळी एकाच मशीनवर. आमचं अकाउंटचं मशीन अजून दोन-तीन वर्षंच टिकेल असं वाटतं, म्हणून रिटेल घेतला. तिसरा प्रकार कंपन्यांसाठीचा: बिनपरवाना विंडोज नियमित करण्यासाठी मायक्रोसॉफ्टची ‘गेट जेन्युइन विंडोज’ नावाची योजना आहे, ती त्यांच्या पार्टनर विक्रेत्यांकडून मिळते. दहा-वीस मशीनं असतील तर हाच भाव मागवा. मात्र नेहमीच्या व्हॉल्यूम लायसन्सिंगमधला ‘विंडोज प्रो अपग्रेड’ चुकून घेऊ नका. तो अपग्रेड आहे. खाली आधीच एक खरी विंडोज असायला हवी. चोरीच्या विंडोजवर अपग्रेड चढवला तर पैसेही जातात आणि मशीन बेकायदेशीरच राहतं. एका विक्रेत्यानं मला हाच देऊ केला होता, सगळ्यात स्वस्त म्हणून.

आणि त्या चारशे-पाचशे रुपयांच्या की. त्या बहुतेकदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या किंवा भंगार मशीनवरच्या असतात. आज चालतात, उद्या ब्लॉक होतात. मग सी००४सी००३ हा एरर येतो. ब्लॉक नाही झाली तरी ऑडिटरला दाखवायला बिल कुठलं आणणार?

शेवटी विंडोज ११ प्रोचे दोन रिटेल बॉक्स घेतले, जीएसटीसह एकेकी १४,२०० रुपये. बिल फर्मच्या नावावर, आमच्या जीएसटी नंबरसह घेतलं, त्यामुळे १८ टक्क्यांप्रमाणे दोन्हीचे मिळून साधारण ४,३३० रुपये इनपुट क्रेडिटमध्ये मिळाले. स्टॉक नव्हता; पैसे भरल्यावर बॉक्स यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस उगाच धाकधूक होती. वाट बघताना कॉपीराइट कायदा, १९५७ उघडून बसलो, ती चूकच. कलम ६३ब: प्रोग्रॅमची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. आमचा वापर धंद्यासाठीच.

त्या दिवसांत बॅकअप उरकला. ४,६०० रुपयांची १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली आणि क्लोनझिला या प्रोग्रॅमनं प्रत्येक मशीनची पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेतली. अकाउंटच्या मशीनला पावणेदोन तास लागले. टॅलीचा डेटा वेगळा पेन ड्राइव्हवर. टॅलीचा परवाना मशीनशी बांधलेला असतो, म्हणून काम सुरू करण्याआधी तो टॅलीतूनच सरेंडर केला; नंतर परत ॲक्टिव्हेट करायला पाच मिनिटं पुरली.

तारखाही भरण्याच्या मुदती बघून ठरवल्या. टीडीएस ७ला, जीएसटीआर-१ ११ला, जीएसटीआर-३बी २०ला. अकाउंटच्या मशीनला त्या आधी हात लावला असता तर अकाउंटंट बाईंनी मलाच फॉरमॅट मारला असता. म्हणून लॅपटॉप १८ला, ड्रॉइंगचं १९ला, आणि अकाउंटचं २५-२६ जानेवारीला. रविवार आणि लागून प्रजासत्ताक दिनाची सुट्टी.

आता सफाई. ही तिन्ही मशीनवर सारखीच केली, आणि इथे घाई करू नये. आधी टास्क शेड्युलर उघडून ज्या कामांच्या नावात केएमएस आहे ती काढली. क्रॅक दर काही दिवसांनी स्वतःला पुन्हा चालवतो तो याच कामांतून. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’. अकाउंटच्या मशीनवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह होता! क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून टाकणाऱ्यानं डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसला, पूर्ण सी ड्राइव्हकडे डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, आणि त्याच मशीनवरून आम्ही चार वर्षं नेट बँकिंग करत होतो. ती नोंद काढली. मग होस्ट्स फाइलमधल्या (साइटचे पत्ते वळवणारी फाइल) वाढीव ओळी, आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची वही) ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’खाली ‘एसपीपीएक्स्टकॉमओबीजे.ईएक्सई’ नावाचा फोल्डर असेल तर तो. विंडोजची परवाना तपासणी मधल्यामधे पकडण्याची ही त्यांची जागा.

त्यानंतर तीन कमांड, याच क्रमानं: ‘एसएलएमजीआर स्लॅश यूपीके’ जुनी की उतरवते, ‘स्लॅश सीपीकेवाय’ रजिस्ट्रीतून ती पुसते, ‘स्लॅश सीकेएमएस’ खोट्या सर्व्हरचा पत्ता पुसते. ही तिसरी विसरलात तर तो पत्ता मशीनमध्ये तसाच पडून राहतो. यानंतर कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटतं. घाबरायचं कारण नाही. मशीन चालत राहतं, वॉलपेपर आणि रंग तेवढे बदलता येत नाहीत.

मग डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होऊन पंधरा-वीस मिनिटं चालतो. दोन मशीनवर ‘हॅकटूल: ऑटोकेएमएस’ सापडलं, अकाउंटच्या मशीनवर त्याशिवाय एक ट्रोजन. त्याच संध्याकाळी दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँक, जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स आणि ईमेलचे पासवर्ड बदलले.

इतकी सफाई झाली तरी या विंडोजवर विश्वास कसा ठेवायचा? ती कुठल्या फाइलवरून टाकली, तिच्यातून काय छाटलं, काय घुसवलं, कुणाला माहीत. म्हणून नुसती की न बदलता मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेल्या आयएसओनं (विंडोज बसवायची अख्खी फाइल) वरून पुन्हा विंडोज बसवायची. याला ‘इन-प्लेस अपग्रेड’ म्हणतात: सिस्टिमच्या फाइल सगळ्या नव्या येतात, प्रोग्रॅम आणि डेटा जागेवर राहतो. आयएसओ पाच जीबीहून मोठी आहे. उतरल्यावर ‘सर्टयूटिल हायफन हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि ‘एसएचए२५६’ अशी कमांड देऊन येणारी लांबलचक संख्या डाउनलोडच्या पानावरच्या संख्येशी जुळवून बघा. मग फाइलवर डबल क्लिक करा, सेटअप चालवा. यूएसबीवरून बूट करायचं नाही. बूट केलं तर प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्यायच मिळत नाही. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी ठेवा.

सगळा जीव त्या एका पडद्यात असतो: ‘काय ठेवायचं’. पहिला पर्याय ‘वैयक्तिक फाइल आणि ॲप्स ठेवा’ हा निवडता यायला हवा. तो पुसट दिसत असेल तर तिथेच कॅन्सल करा. ‘बघू काय होतंय’ म्हणून पुढे गेलात तर प्रोग्रॅम गेले.

लॅपटॉपवर तो पुसटच दिसला. कारण दोन होते, आणि मला आधी एकच कळलं. पहिलं भाषेचं: मी ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ची आयएसओ उतरवली होती, मशीनवरची विंडोज ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’. आपल्याला दोन्ही इंग्रजीच, सेटअपला दोन वेगळ्या भाषा. ‘डिझम स्लॅश ऑनलाइन स्लॅश गेट-इंटल’ ही कमांड सिस्टिमची मूळ भाषा सांगते. ती बघून मगच आयएसओ निवडा. माझे तीन तास आणि तेवढा डेटा गेला. दुसरं कारण एडिशनचं. मशीनवर प्रो, बायोसमध्ये होम सिंगल लँग्वेज. प्रोवरून होमकडे प्रोग्रॅम ठेवून उतरायचा अधिकृत रस्ता नाही.

अनधिकृत आहे. रजिस्ट्रीत ‘एचकेएलएम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज एनटी’, ‘करंटव्हर्जन’ इथे ‘एडिशनआयडी’ आणि ‘कॉम्पोझिशनएडिशनआयडी’ या नोंदी आहेत. तिथे ‘प्रोफेशनल’च्या जागी ‘कोअरसिंगललँग्वेज’ लिहिलं आणि रीस्टार्ट न करता लगेच सेटअप चालवला. मध्ये रीस्टार्ट झाला तर बदल पुसला जाऊ शकतो. या वेळी पहिला पर्याय उजळला. इमेज हाताशी नसती तर हे केलं नसतं, तुम्हीही करू नका. एक तास दहा मिनिटांनी लॅपटॉप विंडोज ११ होम सिंगल लँग्वेजवर उघडला, नेट लावलं, आणि काही न विचारता बायोसमधल्या कीनं ॲक्टिव्हेट झाला. खर्च शून्य. तपासणी न करता गेलो असतो तर तिसरा बॉक्स विकत घेऊन बसलो असतो.

१९ला ड्रॉइंगच्या मशीनवर हीच युक्ती उलट्या बाजूनं लागली. एलटीएससी ही हलकी चालते म्हणून टेक्निशियन लोकांची आवडती. पण ती कारखान्यातल्या कंट्रोल पॅनलसारख्या, वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या मशीनसाठीची एडिशन आहे आणि सुट्या बॉक्समध्ये मिळत नाही. तिच्यावर प्रोची की टाकून बघितली, सी००४एफ०५० आला. ‘की चुकीची’ असं तो म्हणतो, पण की बरोबर होती, एडिशन चुकीची होती. चौदा हजारांची की खोटी निघाली की काय म्हणून पोटात गोळा आला खरा. एडिशनआयडी ‘एंटरप्राइझएस’ होती, ती ‘प्रोफेशनल’ केली, सेटअप चालवला, पर्याय उजळला. ५७ टक्क्यांवर पंचवीस मिनिटं अडकल्यासारखं झालं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नये. मधेच दहा मिनिटं वीज गेली, यूपीएस नवा होता म्हणून निभावलं. विंडोज उघडल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ‘चेंज प्रॉडक्ट की’. तीच की या वेळी वीस सेकंदांत चालली.

अकाउंटचं मशीन सगळ्यात चिवट. प्रोसेसर चालणारा होता. टीपीएम बायोसमध्ये ‘इंटेल पीटीटी’ या नावानं बंद होता, तो चालू केला. पण विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीनं, एमबीआर डिस्कवर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) बसवलेली होती, आणि विंडोज ११ला यूईएफआय, म्हणजे जीपीटी डिस्क हवी. फॉरमॅट न करता ते बदलणारं हत्यार विंडोजमध्येच आहे. आधी नुसती तपासणी: ‘एमबीआर२जीपीटी स्लॅश व्हॅलिडेट स्लॅश डिस्क:० स्लॅश अलाऊफुलओएस’. उत्तर आलं, लेआउट व्हॅलिडेशन फेल.

कारण आपल्याकडची सवय. सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह पाडून दिल्याशिवाय मशीन विकलं जात नाही. एमबीआर डिस्कवर सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी आणि डी ही तीन प्रायमरी पार्टिशनं होतात, आणि ई काढला की विंडोज तो ‘एक्स्टेंडेड’च्या आत ‘लॉजिकल’ म्हणून ठेवते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो हिरव्या चौकटीतल्या निळ्या पट्टीसारखा दिसतो. एमबीआर२जीपीटीला एक्स्टेंडेड चालत नाही, आणि प्रायमरी तीनपेक्षा जास्त चालत नाहीत कारण स्वतःच्या ईएफआय पार्टिशनसाठी त्याला जागा लागते. ईवरचा ६० जीबी डेटा एक्स्टर्नल डिस्कवर हलवला, उघडून खात्री केली, ई डिलीट केला, उरलेली हिरवी चौकटही डिलीट केली. पुन्हा व्हॅलिडेट: पास. मग त्याच कमांडमध्ये ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’. अर्ध्या मिनिटात झालं. शेवटी ‘रीएजंट.एक्सएमएल (रिकव्हरीच्या सोयीची फाइल) अपडेट करता आली नाही’ अशी तक्रार आली. ‘रीएजंटसी स्लॅश डिसेबल’ आणि मग ‘स्लॅश एनेबल’ दिल्यावर ती मिटली.

कन्व्हर्ट झाल्यावर लेगसी सेटिंगवर मशीन सुरूच होत नाही, ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतं. बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद करायचं, यूईएफआय निवडायचं. हे आधी माहीत नसेल तर त्या काळ्या पडद्यासमोर घाम फुटतो. लॅपटॉपवर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू आहे का तेही बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

पुढे सेटअप, पहिल्या फटक्यात. २६ला दुपारी बॉक्समधली की टाकली, ‘एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर’ दिलं: पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड. टॅली चालू. फाँट जागेवर. थंब मशीन चालू. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर विंडोज ११ला जुना पडला, नवा उतरवून बसवला. डॉट मॅट्रिक्सची कागदाची मापं टिकली, पण डिफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलला होता. सेटिंग्जमध्ये ‘विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या’ हे बंद केलं. ई ड्राइव्ह परत काढून डेटा भरला. जीपीटीवर आता तो लॉजिकल वगैरे काही राहत नाही.

दोन्ही परवाने फर्मच्या ईमेलवर काढलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडले. ऑपरेटरच्या किंवा टेक्निशियनच्या खासगी अकाउंटला जोडू नका. बोर्ड बदलल्यावर परवाना पुन्हा मिळवायचा रस्ता त्या अकाउंटमधूनच जातो.

२९ जानेवारीला डिफेंडरनं पुन्हा ‘ऑटोकेएमएस’चा लाल इशारा दिला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. जागा बघितली तर ‘विंडोज.ओल्ड’. जुनी विंडोज दहा दिवस या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. क्रॅकचे अवशेषही तिच्यातच. सगळं नीट चाललं होतं, म्हणून डिस्क क्लीनअपमधून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ काढून टाकलं, २२ जीबी जागाही सुटली. एक्स्टर्नल डिस्कवरच्या इमेजमध्येही तोच क्रॅक आहे हे नंतर लक्षात आलं. महिनाभरानं त्या पुसल्या.

एकूण खर्च: बॉक्स २८,४००, डिस्क ४,६००, पार्टिशनच्या दिवशी सोबतीला बोलावलेल्या टेक्निशियनचे १,५००. मिळून ३४,५००, त्यातलं इनपुट क्रेडिट वजा. टेक्निशियन शेवटी म्हणाला, "एवढं आधी कधी करून बघितलंच न्हाई." आता तो दुसऱ्या शेडमध्ये हेच करतोय, पैसे घेऊन.

फाइलमध्ये लावलं ते असं: दोन्ही बिलांच्या प्रती, बॉक्समधल्या की कार्डचे फोटो, शेवटची पाच अक्षरं सोडून बाकी की झाकलेली, लॅपटॉपचं २०२१चं खरेदी बिल, आणि प्रत्येक मशीनच्या एक्सपीआर खिडकीचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट. मशीनचा सीरियल नंबर, एडिशन आणि बिल क्रमांक असा एक पानी तक्ताही. बॉक्स कपाटात कुलपाखाली.

ऑडिटर १२ फेब्रुवारीला आले. संगणकांना एकूण सहा मिनिटं दिली. तक्ता बघितला, ड्रॉइंगच्या मशीनवर ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघितलं, समाधान झालं. मग शॉप फ्लोअरवरच्या मिंटच्या मशीनपाशी थांबले.

"याचं बिल?"

बिल नाही, हे फुकट असतं, म्हटलं. त्यांना ते पटेना; रकाना रिकामा सोडता येत नव्हता. शेवटी लिनक्स मिंटच्या साइटवरचं पान छापलं, त्यावर फर्मचा शिक्का मारला, सही केली. तो कागद फाइलला लागला आणि रकान्यात त्यांनी लिहिलं: रुपये शून्य.